जुनी फोर-बाय-फोर आणि साडेसहा हजारांचा तंबू : नऊ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर गाडी दारात आली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घर असताना शेतात कशाला निजायचं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता नऊ महिने झाले. इंदूरहून निघून सव्वीस रात्री बाहेर काढल्या आणि त्यातल्या चारच रात्रींचे पैसे मोजले. गाडी सहा हजार चारशे किलोमीटर चालली. एवढ्या वापरावर काही लिहायला हरकत नसावी.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की निम्मे लोक तिचे भाट होतात आणि निम्मे वैरी, आणि मूळ गोष्ट राहून जाते. २०११ची पेट्रोल गाडी, पुढेमागे पाट्यांची स्प्रिंग, कापडी छत, फोर-व्हीलचा, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना जोडणारा वेगळा दांडा. तीन लाख चाळीस हजारांना मिळाली. वर तीस हजारांचे चार टायर. हा खर्च टाळू नका. उरलेलं सगळं हळूहळू घ्या, पण टायर आधी.

पहिली फजिती माझीच. जानापाव टेकडीच्या मागच्या बाजूला एका दगडी चढावर फोर-व्हील टाकली आणि वीस मिनिटं धूळ उडवत बसलो. मागची चाकं खड्डा खणताहेत, पुढची ढिम्म. या जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या फिरवायच्या चकत्या, खाली उतरून हाताने लॉक करावे लागतात. ते न करता दांडा कितीही ओढला तरी पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचतच नाही. मेकॅनिकने हे मला सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. अंधारात, चिखलाने भरलेला तो हब फिरवताना बोटांची सालटं निघाली, तेव्हा कुठे ते डोक्यात शिरलं. आता डांबर सोडलं की आधी हब, मग चहा.

उलट चूकही तितकीच महाग पडते. असल्या गाडीला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळलात की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. स्टिअरिंग जड झालं, गाडी अडखळत वळायला लागली, तर दांडा आधी मागे घ्या.

मी एका वहीत नोंद ठेवली आहे. नऊ महिन्यांत फोर-व्हील खरोखर लागली ती अकरा वेळा. त्यातही लो रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारा गिअर) फक्त चार वेळा, आणि चारातली तीन उतारावर, ब्रेक न दाबता इंजिनाच्या जोरावर गाडी धरायला. म्हणजे इंदूरच्या आसपास भटकायचं तर उंच पोट, बरे टायर आणि टायरातली हवा कमी करायची सवय, एवढ्यावर बहुतेक रस्ते निघतात. अठ्ठावीसची हवा अठरावर आणली की दगडांवर गाडी उड्या मारायची थांबते. परत भरायला बॅटरीवर चालणारा पंप बावीसशेला मिळाला. आजवरची माझी सगळ्यात शहाणी खरेदी हीच.

आता स्वस्त मुक्कामाबद्दल. लोक विचारतात, जागा कुठल्या ॲपवर शोधतोस? नकाशावर मी फक्त कच्ची वाट बघतो. जागा माणसं देतात. चोरल आणि मानपूरच्या बाजूला दुपारी चारच्या आत गावात शिरायचं, पारावर गाडी थांबवायची आणि कोटवार कोण ते विचारायचं. मध्य प्रदेशात कोटवार म्हणजे गावचा चौकीदार. रात्री कोण आलं, कोण गेलं ते त्याला ठाऊक असतं. "कां जइरिया हो?" (कुठे निघालात?) असा पहिला प्रश्न ठरलेला. खरं उत्तर द्यायचं: मुलीला तारे दाखवायचेत, एक रात्र राहू, सकाळी जाऊ. मुलगी पुढे असली की काम लवकर होतं, हे सांगायला लाज वाटते, पण आहे तसं आहे. एकदाच नकार मिळाला, तोही रास्त. शेतात रात्रीचं पाणी सोडणार होते.

पैसे मी देऊ करतो, घेत कोणी नाही. मग चहा-साखर, देवळाच्या पेटीत दोनशे, नाहीतर पुढच्या वेळी त्यांचे फोटो छापून. एका घरी त्यांच्या मुलीचे फोटो भिंतीवर लागलेत, त्यामुळे ते शेत आता आमचं पक्कं झालं.

शेत निवडायचं तर पिकाचं वेळापत्रक माहीत हवं. माळव्यात सोयाबीन ऑक्टोबरात निघतं आणि थोड्याच दिवसांत गहू-हरभऱ्यासाठी नांगर येतो. पुन्हा रान मोकळं होतं ते मार्च-एप्रिलात गहू निघाल्यावर. कापलेल्या सोयाबीनचे खुंट तिरके, टोकदार असतात. पहिल्याच रात्री तंबूच्या तळाला तीन भोकं पडली. अंथरूण ओलं लागलं तेव्हा वाटलं, मुलीच्या हातून बाटली सांडली. सकाळी उचलून बघतो तर खालून चाळण. तेव्हापासून खाली जाड ताडपत्री, आणि ती पसरायच्या आधी अर्धा तास बुटाने खुंट मोडायचे. ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी तीच गोळा करून तुमच्याखाली आणते.

तंबू साडेसहा हजारांचा, चौघांचा म्हणून विकलेला, म्हणजे दोघं मोठी आणि एक मूल. वाऱ्यात टिकला, दोन पावसांत गळला नाही. जानेवारीत मात्र आतून पाझरतो: बाहेर माळव्याची थंडी, आत तिघांचा श्वास, पहाटे छताला थेंब. वरची दोन्ही झरोक्यांची तोंडं उघडी ठेवून जाड रजई घेणं हाच उपाय. बायको तीन रात्री झरोका लावून घेत होती आणि तिन्ही सकाळी उशी वाळत घालत होती. गाडीच्या टपावरचे तंबू मी बघून आलो. त्या किमतीत पेट्रोलचे कितीतरी शनिवार-रविवार निघतात, शिवाय कापडी छतावर ते ठेवणार कुठे?

जंगलाची गोष्ट वेगळी, तिथे शेतातली बोलाचाली चालत नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं आणि आग पेटवणं १९२७च्या वन कायद्यानेच गुन्हा आहे, आणि अभयारण्यात तर आत जायलाच परवाना लागतो. नाकेदार (वनरक्षक) भेटला तर वाद घालू नका. वनखात्याच्या विश्रामगृहाची खोली मिळाली तर ती घ्यावी. मी ज्या चार रात्रींचे पैसे दिले, त्यातल्या दोन तशाच होत्या.

नर्मदेकाठी सुंदर वाळू दिसते आणि मन तिथेच तंबू ठोकायला सांगतं. ठोकू नका. ओंकारेश्वर धरणाखालच्या पट्ट्यात विजेसाठी पाणी सोडलं की पात्र बघता बघता चढतं. २००५च्या एप्रिलमध्ये धाराजीच्या जत्रेत वरून सोडलेल्या पाण्याने कितीतरी भाविक वाहून गेले, ते इंदूरच्या घराघरांत आजही ठाऊक आहे. आम्ही नदी दिसेल पण ऐकू येणार नाही, इतक्या वर राहतो. काठावरच्या आश्रमांत परिक्रमावासीयांना सदाव्रत मिळतं. चार चाकांवर आलेल्याने त्या पंगतीत बसू नये, असं माझं मत. जागा मागावी, जेवण आपलं करावं.

पावसाळ्याची गोष्ट शेवटी ठेवली, कारण तिथे गाडीचा माझा सगळा गर्व उतरला. जून अखेर, जाम गेट उतरून निमाडात एका ओळखीच्या शेतावर होतो. (हे गेट १७९१चं, अहिल्याबाईंनी बांधलेलं, पावसात ढग त्याच्या आतून जातात आणि रविवारी गाड्यांची रांग लागते, म्हणून आम्ही शुक्रवारी जातो.) रात्री तासभर पाऊस पडला. सकाळी डांबर दोनशे पावलांवर दिसत होतं. हब लॉक, लो रेंज, हवा कमी, सगळं शास्त्रशुद्ध. गाडी तिच्या लांबीइतकीही गेली नाही. काळी माती टायरच्या खाचांत भरली आणि चाकं गुळगुळीत गुळाच्या ढेपा झाली. मग ती माती मडगार्डच्या आत इतकी दाटली की चाक फिरायलाच जागा उरेना. ही माती पाणी पिऊन फुगते. तिच्यावर चार चाकं फिरवा की आठ, सगळी सारखीच घसरतात.

शेतकरीकाका बांधावर बसून बिडी ओढत बघत होते. ट्रॅक्टर आणा म्हटलं, तर हसले. आज ट्रॅक्टरही फसेल. मग त्यांनी खुरपं दिलं, मी दोन तास मडगार्डमधली माती खरवडत बसलो. ऊन आलं, वरचा थर आवळला. दुपारी त्यांनी घरामागच्या ढिगातून पऱ्हाट्या आणल्या आणि चाकांपुढे आडव्या अंथरल्या. कापसाच्या त्या काटक्यांवर टायरने पकड घेतली आणि गाडी दहा-दहा फूट करत बाहेर आली. माझ्याकडे ओढायची पट्टी होती, ती अडकवायचे दोन शॅकल होते, फावडं होतं. उपयोगी पडलं ते खुरपं. ते त्यांनी परत घेतलं नाही, गाडीतच ठेवायला सांगितलं.

तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही मुरुमाच्या वाटा धरतो, काळ्या रानात गाडी उतरवत नाही.

तक्रारी थोडक्यात. पाट्यांमुळे दीडशे किलोमीटरनंतर कंबर बोलते. हायवेला लिटरमागे नऊ-दहा, कच्च्या वाटेवर सहा. कापडी छतामुळे आत बोलायचं तर ओरडावं लागतं. सामानाला जागा नाही. पंधरा वर्षं पूर्ण होताहेत, म्हणजे आता फिटनेस आणि पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण. जुनी गाडी घेणाऱ्याने हा खर्च आधीच किमतीतून वजा करून भाव करावा. आणि पुढे लोखंडी बुलबार लावून मिळत असेल तर काढून मागा, २०१७च्या अखेरीपासून त्याच्यावर चलान होतं.

विकणार का? नाही. पाऊस उघडला की अलीराजपूर जिल्ह्यातल्या कट्ठीवाड्याला जायचंय, नूरजहाँ आंब्याची झाडं बघायला. त्याचं एकेक फळ अडीच-तीन किलोचं होतं. पण ते उन्हाळ्यात, तेव्हा या खेपेला नुसती झाडंच.

परवा सासूबाईंनी विचारलं, कार्तिकात त्या शेतावर बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या) करायला सगळे गेलो तर? गोवऱ्या मिळतील ना? मी हो म्हटलं. मग त्यांनी संडासाचं विचारलं. मी फावडं दाखवलं. बेत सध्या पुढे ढकलला आहे.