उंचावरची लष्करी उडी: पॅराशूट वर उघडावे की खाली?

ओझरचा विमान कारखाना आणि गांधीनगरची लष्करी हेलिकॉप्टर उड्डाणे पाहत वाढलेल्या नाशिकच्या विद्यार्थ्याला पॅराशूट-चाचणीवर प्रकल्प करायचा असेल, तर आधी पद्धत निवडावी लागते. ‘हेलो’ (उंचावरून उडी, खाली उघडणे) पद्धतीत सुमारे ३०,००० फुटांवरून उडी घेऊन पॅराशूट चारेक हजार फुटांवर उघडतात; ‘हाहो’ (उंचावरून उडी, उंचावरच उघडणे) पद्धतीत विमानाबाहेर पडल्यावर काही सेकंदांतच उघडतात. रक्तातील नायट्रोजन कमी व्हावा म्हणून उडीपूर्वी शुद्ध ऑक्सिजन घेणे दोन्हींत अनिवार्य आहे.

हेलोमध्ये खरी कसोटी लागते ती शरीराच्या स्थैर्याची. अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंजर यांचे प्रयोग वैमानिकांच्या सुटकेसाठी होते, तरी त्यांचा धडा येथेही लागू पडतो. नोव्हेंबर १९५९ मध्ये सुमारे ७६,००० फुटांवरून उडी घेतल्यावर स्थैर्य देणारे छोटे पॅराशूट वेळेआधी सुटले, त्याची दोरी त्यांच्या गळ्याभोवती अडकली, ते गरगरत बेशुद्ध झाले आणि आपोआप उघडणाऱ्या राखीव पॅराशूटमुळेच वाचले. १६ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी १,०२,८०० फुटांवरून यशस्वी उडी घेतली.

हाहोमध्ये ताण येतो तो कापडावर, दोऱ्यांवर आणि शिवणींवर. ३०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ३७ टक्के असते. त्यामुळे वेगमापकावर आकडा तोच दिसला तरी प्रत्यक्ष वेग बराच जास्त असतो आणि उघडतानाचा झटका अधिक तीव्र बसतो. त्यानंतर उणे ४५ अंशांच्या आसपासच्या थंडीत सुरू झालेला, अर्ध्या तासाहून अधिक लांबू शकणारा प्रवास ऑक्सिजन, हातमोजे आणि दिशादर्शक यंत्र या साऱ्यांची परीक्षा पाहतो. वारा अनुकूल असल्यास ४० किलोमीटरपर्यंत तरंगत जाता येते. म्हणजे इगतपुरीवर उडी घेऊन जवळपास नाशिक गाठावे, इतके हे अंतर आहे.

माझ्या मते विद्यार्थ्याने हाहोच निवडावी, कारण झटका, कापड आणि दिशादर्शन यांचा अभ्यास माणसाला धोक्यात न घालता, वजनदार पुतळा टाकून करता येतो. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या आग्रा आणि बंगळुरू येथील प्रयोगशाळांनी विकसित केलेली, २५,००० फुटांहून अधिक उंचीवर उघडू शकणारी आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ३२,००० फुटांवरून उडी घेऊन तपासलेली स्वदेशी प्रणाली अभ्यासाला उत्तम आधार ठरेल. ज्याला मानवी शरीराचे वर्तनच समजून घ्यायचे आहे, त्याने मात्र हेलोकडे वळावे. ठरलेल्या उंचीवर पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र पुतळ्यावर लावताना नाशिकची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे, हे गणितात धरावे. यंत्राच्या उंचीचे शून्य समुद्रसपाटीवरच ठेवले आणि येथल्या जमिनीवर लावले नाही, तर पॅराशूट तितकेच खाली उघडेल.