१५ लिटरचा गिझर, २६ महिने आणि खालून गळणारं पाणी

गिझर गळायला लागला की आधी मेन स्विच बंद करा. मग पाणी नेमकं कुठून येतंय ते कोरड्या फडक्याने पुसून पाहा. मला हे कळायला तीन आठवडे आणि अकराशे रुपये लागले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. सोसायटीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं. पहिले दोन हिवाळे या गिझरला नाव ठेवायला जागा नव्हती. डिसेंबरात पहाटे आई साडेपाचला उठते, तेव्हा कढत पाणी तयार असायचं.

यंदा दिवाळीच्या रंगकामात सेफ्टी व्हॉल्व्हचं (आतला जादा दाब सोडणाऱ्या झडपेचं) पाणी वाहून नेणारी बारीक नळी निघाली. ती कोणी परत लावली नाही आणि थेंब फरशीवर दिसू लागले. कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने व्हॉल्व्ह बदलला, भेटीचे आणि व्हॉल्व्हचे मिळून अकराशे घेतले. दुसऱ्या दिवशी थेंब तसेच! फोन केला तर म्हणे, ‘टाकीच गेली, बोअरच्या पाण्याला वॉरंटी नाही, नवा घ्या.’ टाकीची वॉरंटी पाच वर्षांची, आणि यांनी खालचं झाकण उघडूनही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी या गिझरला एक स्टार देणार होतो.

कॉलनीतल्या एका दुकानदाराने तर व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारायला सांगितलं. हे कुणीही, कधीही करू नका. आतला दाब निघायला तेवढी एकच वाट असते.

मग गल्लीतले प्लंबर काका आले. त्यांनी विचारलं, ‘गिझर चालू असताना गळतं का बंद असताना?’ मी खाली स्टीलचा पेला ठेवला. पाणी तापत असताना पेल्यात जवळजवळ २०० मिली जमलं, तापून झाल्यावर थेंब थांबले. काकांनी समजावलं: पाणी तापलं की फुगतं. २० अंशांवरून ६० वर गेलेलं १५ लिटर पाणी साधारण पाव लिटरभर वाढतं. व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्न असल्याने ते मागे पाइपात जाऊ शकत नाही, म्हणून थेंबांनी बाहेर पडतं. म्हणजे व्हॉल्व्ह बिघडलेलाच नव्हता. माझे अकराशे फुकट गेले.

खरी गळती दुसरीकडे होती. गिझर बंद, पाणी गार, तरी खालच्या झाकणाच्या कडेला ओल. वीज बंद करून, टाकी रिकामी करून काकांनी झाकण काढलं. जिथे कॉइलची तबकडी बोल्टांनी बसवलेली असते, तिथून पांढऱ्या क्षाराची एक रेघ खाली उतरली होती. रबरी गास्केट कडक होऊन एका बाजूला चिरलं होतं. टाकी शाबूत!

आणि तबकडीला जोडलेला अॅनोड रॉड बघून मला धक्काच बसला. बोटाएवढ्या मॅग्नेशियमच्या कांडीची आतली तार तेवढी उरली होती. टाकीऐवजी ही कांडी झिजते, म्हणून टाकी गंजत नाही. क्षारयुक्त पाण्यात ती लवकर संपते, आणि २६ महिन्यांत तिच्याबद्दल मला एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. त्या माणसाच्या ‘टाकी गेली’पेक्षा मला याचा जास्त राग आहे. आणखी वर्षभर तसंच चाललं असतं तर टाकी खरंच गेली असती.

रविवार कारंजाजवळून गास्केट आणि रॉड आणला. कॉइल रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवली, सकाळी क्षाराची पापुद्र्यासारखी साल नखाने निघत होती. काकांची मजुरी धरून सगळं व्हॉल्व्हच्या बिलापेक्षा कमीत झालं.

पाच आठवडे झाले, झाकणाखाली कागद कोरडा आहे. गिझरला आता चार स्टार, सेवेला एकही नाही. नळी परत लावून मोरीच्या जाळीत सोडली आहे, आणि रॉड बसवल्याची तारीख गिझरच्या अंगावर मार्करने लिहून ठेवली आहे.