मिश्र श्रवणदोषासाठी कानामागचं मशीन: एका नळीने घालवलेले दीड तारे

मिश्र म्हणजे मध्यकर्ण आणि आतला कान, दोन्हींचा दोष. त्यासाठी हे ताकदीचं श्रवणयंत्र, ६७५ नंबरचा सेल, कानात बसणारा सिलिकॉनचा साचा. चॅनल, ब्लूटूथ वगैरे ब्रोशरात वाचा. हे लिहायचं कारण वेगळं. ऐन पावसाळ्यात आवाज ठप्प झाला आणि दुकानदाराने 'रिसिव्हर (मशीनमधला छोटा स्पीकर) गेलाय, कंपनीत पाठवू' म्हणून दोन आठवडे मागितले. रिसिव्हर ठणठणीत होता. साच्याच्या नळीत पाण्याचा थेंब अडकला होता!

कानातली दमट, गरम हवा नळीत शिरते. बाहेर एसी असला की तिथेच तिचं पाणी होतं, आणि तेवढा एक थेंब आवाज बंद करायला पुरतो. तपासणी घरीच होते. साचा नळीसकट मशीनच्या हुकापासून (कानावर अडकणाऱ्या वाकड्या टोकापासून) सोडवा आणि नुसतं मशीन चालू करून मुठीत धरा. शिट्टी वाजली तर मशीन जिवंत आहे, घोळ नळीत किंवा साच्यात. हवा मारायचा रबरी फुगा दाबून थेंब उडवा. साचा कोमट साबणपाण्याने धुवा, रात्रभर वाळू द्या. स्पिरिट लावू नका, नळी कडक होते. मशीनला मात्र पाणी नाही. सेल काढून, झाकण उघडं ठेवून ते ड्राय किटमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या डबीत.

नळी तीन ते सहा महिन्यांत पिवळी, ताठ आणि आखूड होते. मग ती साच्याला ओढते, कडेला फट पडते, शिट्टी सुरू. शिट्टी नको म्हणून माणूस आवाज कमी करतो आणि 'मशीनमध्ये दम नाही' म्हणत बसतो. चहा-वड्याच्या किमतीची वस्तू, पण वॉरंटीत नाही. नवी घालताना जाड भिंतीचीच मागा. पातळ नळीतून आवाज झिरपून परत शिट्टी होते.

आता आवाजाबद्दल. सुरुवातीला मी पाचपैकी दोनच तारे देणार होतो, कारण बोलणं लांबून आल्यासारखं वाटायचं. प्रोग्रॅमिंगमध्ये फक्त हवामार्गाचे, म्हणजे हेडफोन लावून काढलेले, आकडे भरले होते. हाडमार्गाचे, म्हणजे कानामागच्या हाडाला कंपन देऊन काढलेले, भरलेच नव्हते. समजा १००० हर्ट्झला हवामार्ग ७५ आणि हाडमार्ग ३५ डेसिबल आहे. मधले ४० पडदा, हाडं, मध्यकर्ण यांत अडतात, उरलेला दोष आतल्या कानाचा. अडलेला आवाज बराचसा भरून द्यावा लागतो. नॅल सूत्र (मशीनने किती आवाज वाढवायचा ते ठरवणारं) त्या फरकाचा पाऊण भाग जादा देतं. आतल्या कानाला मात्र मोठा आवाज लगेच खुपतो, म्हणून तिथे हात आखडता. हाडमार्ग भरलाच नाही तर सॉफ्टवेअर सगळा दोष आतला धरतं आणि आवाज कमी देतं. कमाल आवाजाची मर्यादाही खालीच राहते. आकडे भरल्यावर त्याच मशीनला साडेतीन. मास्किंग न करता, म्हणजे दुसऱ्या कानात खरखर सोडून तो झाकल्याशिवाय, काढलेला हाडमार्ग भरायच्या लायकीचा नसतो, तेव्हा ऑडिओग्रामवर (तपासणीच्या आलेखावर) मास्किंगच्या खुणा बघून घ्या.

उरलेले दीड तारे नळीचेच, आणि ते परत मिळणार नाहीत.

रिसिव्हर कानात बसणारं छोटं मशीन दिसायला छान, पण वाहत्या कानात घालू नका. स्राव थेट रिसिव्हरमध्ये जातो. कान वाहत असेल तेव्हा साचाही बाहेर, आणि आधी कान-नाक-घसा डॉक्टर. पडदा बसवून किंवा स्टेपीजची (मध्यकर्णातल्या सगळ्यात लहान हाडाची) शस्त्रक्रिया करून मधला फरक कमी होऊ शकतो, आतला दोष तसाच राहतो. ज्यांचा कान सुकतच नाही त्यांनी साच्यावर पैसे घालण्याआधी हाडमार्गी मशीन हेडबँडवर लावून बघावं. कातडीमुळे वरचे सूर थोडे दबतात, पण कान मोकळा राहतो. हाडमार्ग ५५ डेसिबलच्या पुढे गेला असेल तर साधा प्रोसेसर (हेडबँडवरचं ते मशीन) पुरत नाही, हे ट्रायलला बसण्याआधीच विचारून घ्या.