कार्यालयात हिरवाई आणणारी सेवा: दहा महिन्यांचा अनुभव

आमचे कार्यालय अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तेथे ४८ माणसे काम करतात. पश्चिमेची सगळी बाजू काचेची असल्यामुळे दुपारी दोननंतर ऊन थेट संगणकांवर येई. म्हणून पट्ट्यांचे पडदे सकाळीच पाडले जात आणि ते रात्रीपर्यंत तसेच राहत. गेल्या फेब्रुवारीत जागेचे नूतनीकरण करायचे ठरले, तेव्हा बायोफिलिक डिझाइन, म्हणजे वास्तूच्या रचनेतच निसर्गाला जागा देण्याचे काम करणाऱ्या एका संस्थेला आम्ही बोलावले. आराखडा, झाडे, हिरवी भिंत आणि पुढची देखभाल असे सगळे त्यांच्याकडे होते. कार्यालयाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी माझ्याकडे असल्याने या सेवेची बरीवाईट बाजू मी रोज पाहिली आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम एकाही कुंडीशिवाय झाले. आराखडा करणाऱ्या ताई पहिल्या दिवशी आल्या आणि त्यांनी आधी सगळे पडदे वर करायला लावले. बाहेर रस्त्याच्या कडेला एक जुना पर्जन्यवृक्ष आहे, त्याचा घेर नेमका आमच्या मजल्याच्या उंचीवर पसरलेला आहे, आणि सहा वर्षे त्या जागेत बसूनही आमच्यापैकी निम्म्या लोकांनी तो नीट पाहिलेला नव्हता. खिडकीला लागून वरिष्ठांच्या तीन केबिन आणि फायलींची कपाटे होती. ताईंनी केबिन आतल्या बाजूला घेऊन त्यांना काचेच्या भिंती दिल्या, कपाटे लिफ्टकडच्या आंधळ्या भिंतीला लावली आणि खिडकीकडची जागा सर्वांच्या टेबलांसाठी मोकळी केली. टेबले खिडकीला काटकोनात ठेवल्यामुळे उजेड बाजूने येतो आणि संगणकावर चकाकी पडत नाही. पट्ट्यांच्या जागी जाळीदार कापडाचे गुंडाळते पडदे आले, ज्यांतून ऊन गाळून येते, पण बाहेरचे झाड दिसत राहते. आता संध्याकाळी त्या झाडाची पाने मिटू लागली की कोणीतरी घड्याळ न पाहताच आवराआवर सुरू करते.

झाड नुसते दिसण्याने काय होते, असे आमच्या हिशेब विभागातल्या एका सहकाऱ्यांनी विचारले होते, आणि प्रश्न योग्य होता. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. कार्यालय म्हणजे रुग्णालय नव्हे हे मान्य, तरी खर्च कशावर आधी करावा याची दिशा मला त्यातून मिळाली.

मुंबईला ही कल्पना नवीही नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही मध्य रेल्वेच्या मुख्यालयाची, म्हणजे कार्यालयाचीच इमारत आहे, आणि तिच्या दगडांत जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पाने आणि पशुपक्षी आजही पाहता येतात. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरच्या कांचनजंगा या १९८३ साली पूर्ण झालेल्या निवासी इमारतीत दोन मजली उंचीच्या बागगच्च्या ठेवून समुद्राचा वारा आत घेतला, आणि पश्चिमेचे ऊन व पावसाचा मारा मात्र बाहेरच अडवला. आमच्या भाड्याच्या जागेत बाहेरून काही करणे शक्य नव्हते. परंतु आमची इमारत बांधतानाच असा विचार झाला असता, तर निम्मे काम आधीच झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

आता हिरव्या भिंतीविषयी. स्वागतकक्षात दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच भिंतीवर कप्प्यांतून नेचे, सिंगोनियम आणि फिलोडेंड्रॉन लावले होते, ठिबक सिंचनासाठी पंप व टायमर होता, आणि उजेड कमी असल्यामुळे खास दिवे रोज दहा तास चालत. पहिले तीन महिने ती इतकी सुंदर दिसली की येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर फोटो काढून घेई. गणपतीच्या सुट्टीत वीज गेली आणि टायमर बंद पडला. वातानुकूलनाच्या कोरड्या हवेने आधीच थकलेले नेचे चार दिवसांत कागदासारखे झाले. दुरुस्तीनंतर पाणी जास्त सुटले, पन्हळीतून झिरपले आणि मागच्या भिंतीला ओल येऊन प्लास्टरचे पोपडे निघाले. संस्थेने झाडे विनामूल्य बदलून दिली, मात्र भिंतीची दुरुस्ती करारात बसत नाही असे सांगून हात वर केले. करार करतानाच हा मुद्दा लेखी घ्यावा, असे मी कळकळीने सांगेन.

दुसरी तक्रार त्यांच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. झाडे कार्यालयाची हवा शुद्ध करतात, असे त्यात ठळक छापले होते आणि आधार म्हणून नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगाचा उल्लेख होता. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९ साली जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा साध्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असे दिसले. आम्ही त्या निमित्ताने वातानुकूलन यंत्रणा तपासून घेतली, तर बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडपच बंद होती. ती उघडल्यावर दुपारचा जडपणा कमी झाला, आणि त्याचे श्रेय मी झाडांना देणार नाही.

देखभालीबद्दल मात्र मन भरून लिहावेसे वाटते. माळीकाका सोमवारी आणि गुरुवारी येतात. प्रत्येक कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहतात आणि मगच पाणी घालायचे की नाही ते ठरवतात. "ताई, याला आज नको, गुरुवारी देऊ," असे त्यांनी सांगितले की मीही आता पाण्याची बाटली खाली ठेवते. अरेका पामच्या पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी पांढरी कीड दिसली, तेव्हा त्यांनी ते झाड तीन आठवडे वेगळे ठेवले आणि कडुनिंबाचे तेल मारून ते वाचवले. उरलेला चहा कुंडीत ओतण्याची आमच्या लोकांची सवयही त्यांनीच गोडीने मोडली, कारण त्या गोड मातीत चिलटे होत होती. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधायला आले, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. काका त्या बशा दर आठवड्याला रिकाम्या करून घासून ठेवतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी कोरड्या कडेलाही चिकटून महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.

झाडांची निवडही जाणकाराची आहे. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांत झेडझेड प्लांट आणि सासूची जीभ म्हणजे स्नेक प्लांट, खिडकीशी अरेका आणि रॅफिस पाम, टेबलांमधल्या कठड्यांवर मनी प्लांट. ६० कुंड्यांपैकी दहा महिन्यांत पाच बदलाव्या लागल्या.

नव्या वर्षापासून देखभालीचा करार आम्ही पुढे चालू ठेवत आहोत आणि हिरवी भिंत उतरवून घेत आहोत. तिच्या पंपाचा आणि दिव्यांचा जो खर्च वाचेल, त्यातून पर्जन्यवृक्षासमोरच्या खिडकीला लागून लाकडी बाक करून घ्यायचा आहे. त्याचे माप माळीकाकांनी गुरुवारीच घेतले, कारण बाकाखाली बशांसाठी हात घालायला जागा हवी, असा त्यांचा आग्रह आहे.