दहशतवादविरोधी गुप्तचर सेवा: माहिती मिळते, पोचत नाही

दहशतवादी हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी 'गुप्तचर यंत्रणांचं अपयश' हा मथळा ठरलेला. हल्ला झाला नाही की यंत्रणेची आठवणही कुणाला येत नाही. हे दोन्ही निकष कुचकामी आहेत. ही सेवा जनतेच्या पैशावर चालते आणि तिचा हिशेब बंद दाराआड होतो. त्यामुळे तिचं परीक्षण करायला मोठ्या हल्ल्यांनंतर उघड झालेले चौकशी अहवालच हाती उरतात. ते सलग वाचले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. धाग्याचं टोक बहुतेक वेळा यंत्रणेत कुणाच्या तरी टेबलावर होतं. मात्र अटक करायचा, रस्ता बंद करायचा किंवा विमानात चढू न द्यायचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याच्यापर्यंत ते वेळेत गेलं नाही.

माहिती जमवण्याच्या कामाला 5 पैकी 4 गुण द्यायला हरकत नाही. जानेवारी 2000मध्ये क्वालालंपूरला अल-कायदाच्या माणसांची बैठक झाली, तेव्हा अमेरिकेच्या परदेशी गुप्तचर संस्थेची, सीआयएची, तिच्यावर नजर होती. पुढे 9/11च्या विमान अपहरणकर्त्यांत असलेल्या खालिद अल-मिहधारकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हे सीआयएला तेव्हाच कळलं होतं. त्याचा साथीदार नवाफ अल-हाझमी लॉस एंजेलिसला उतरल्याचा संदेशही मार्च 2000मध्ये तिच्याकडे आला.

कोसळतं ते यापुढे. या दोघांची नावं वॉचलिस्टवर, म्हणजे संशयितांच्या यादीवर, चढली 24 ऑगस्ट 2001 रोजी, म्हणजे 9/11च्या अठरा दिवस आधी. मधल्या काळात हाझमीचं नाव सॅन डिएगोच्या टेलिफोन डिरेक्टरीत छापलेलं होतं. देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयला वेळेत कळवलं असतं, तर पत्ता शोधायला खास कौशल्य लागलं नसतं. त्याच जुलैमध्ये फिनिक्सच्या एफबीआय कार्यालयातून विमान प्रशिक्षण शाळांमधल्या संशयितांविषयी मेमो गेला होता, ऑगस्टमध्ये मिनेसोटात विमान चालवायला शिकणारा संशयित झकेरिया मुसावी पकडला गेला होता. हे तीन कागद एका माणसासमोर कधी एकत्र आलेच नाहीत. गुप्तवार्ता आणि फौजदारी तपास यांच्यात अमेरिकेने स्वतःच भिंत उभारली होती, आणि अधिकारी ती नियमापेक्षाही कडक पाळत होते. पोचवण्याला 5 पैकी 2, तेही नंतरच्या सुधारणा जमेस धरून.

सुधारणा म्हणजे बहुतेक ठिकाणी नवं समन्वय केंद्र. ब्रिटनने 2003मध्ये जेटॅक उभारलं, अमेरिकेने 2004मध्ये एनसीटीसी. पण केंद्र उघडलं म्हणून माहिती आपोआप जुळत नाही. नोव्हेंबर 2009मध्ये उमर फारूक अब्दुलमुतल्लबच्या वडिलांनी नायजेरियातल्या अमेरिकी दूतावासात जाऊन मुलाबद्दल काळजी व्यक्त केली. नाव डेटाबेसमध्ये गेलं, जिथे आधीच सुमारे साडेपाच लाख नावं होती. विमानात चढू न द्यायच्या लोकांच्या नो-फ्लाय यादीत मात्र ते गेलं नाही. पहिल्या शोधात नावाचं स्पेलिंग चुकलं, त्यामुळे त्याच्याकडे चालू व्हिसा आहे हेही दिसलं नाही. नाताळच्या दिवशी तो डेट्रॉइटच्या विमानात बसला. बाँब नीट फुटला नाही आणि प्रवाशांनी त्याला धरलं, म्हणून लोक वाचले. डेटाबेसची खरी परीक्षा अशा बारीक गोष्टींत असते: परकीय नावाची दहा वेगवेगळी स्पेलिंगं तो जुळवतो का, आणि एका यादीतून दुसरीत नाव सरकवायची जबाबदारी नेमक्या कुणाची आहे.

माहिती शंभर टक्के पोचूनही सेवा निकामी ठरू शकते, याचा सर्वांत क्लेशदायक नमुना श्रीलंकेचा. 4 एप्रिल 2019 रोजी भारताकडून इशारा गेला. 11 एप्रिलच्या पोलीस पत्रात हल्ल्याचा सूत्रधार झहरान हाशिमचं नाव होतं, कॅथलिक चर्च लक्ष्य असू शकतात हेही होतं. पत्र गेलं ते प्रामुख्याने महत्त्वाच्या व्यक्तींच्या सुरक्षा विभागांकडे, चर्चना कुणी सावध केलं नाही. 21 एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, 260हून अधिक माणसं गेली. राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यातल्या भांडणामुळे पंतप्रधानांना सुरक्षा परिषदेच्या बैठकींना बोलावलंच जात नव्हतं. यापेक्षा नेमकं इनपुट कुठल्याही यंत्रणेला क्वचितच मिळतं.

'तो संशयित पोलिसांना माहीत होता, मग पाळत का नव्हती?' हा प्रश्न दर वेळी विचारला जातो. त्याचं उत्तर गणितात आहे. 2017च्या सुमारास ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेकडे, एमआय5कडे, सुमारे 500 चालू तपास होते, त्यांत 3,000 संशयित आणि ज्यांच्या फायली बंद केल्या असे आणखी 20,000. एका माणसावर चोवीस तास पाळत ठेवायची तर तीन पाळ्या, गाड्या, बदली माणसं धरून वीस-तीस जण लागतात. म्हणजे 3,000 संशयितांसाठी किमान 60,000. हे कुठल्याही लोकशाहीला परवडणारं नाही, आणि तसं व्हावं असं वाटतही नाही. संगणकाने चाळून काढू म्हटलं तरी गणित सुटत नाही. 1 कोटी लोकांत 100 खरे दहशतवादी आहेत आणि चाळणी 99 टक्के अचूक आहे असं धरा. ती 99 जण बरोबर पकडेल, आणि सुमारे 1 लाख निरपराध लोकांवरही बोट ठेवेल.

म्हणून यंत्रणेला जोखायचं ते प्राधान्यक्रमावरून: फाईल कधी बंद झाली, नवी माहिती आल्यावर किती दिवसांत पुन्हा उघडली. ब्रिटनमधल्या मँचेस्टर अरीना या सभागृहावरच्या 2017च्या हल्ल्याच्या चौकशीत हेच तपासलं गेलं. हल्लेखोर सलमान अबेदीची फाईल 2014मध्ये बंद झाली होती. पुन्हा बघायला हवेत अशा निवडक जणांत तो आला, आणि त्यासाठीची बैठक ठरली 31 मे 2017ला. त्याने 22 मे रोजी 22 जणांचा जीव घेतला. मार्च 2023च्या अहवालानुसार एका अधिकाऱ्याने मिळालेल्या माहितीची नोंद त्याच दिवशी लिहायला हवी होती. ती उशिरा लिहिली गेली आणि हल्ला कदाचित टळला असता अशी संधी हुकली. एवढा फरक एका दिवसाच्या टिपणाने पडतो.

अर्थ लावण्यातली चूक वेगळ्या जातीची. 7 ऑक्टोबर 2023च्या वर्षभराहून आधी हमासच्या हल्ल्याचा आराखडा इस्रायलच्या हाती होता. 'त्यांची एवढी कुवत नाही, त्यांना आत्ता युद्ध नकोय' हे गृहीतक इतकं पक्कं होतं की एका विश्लेषकाचा इशारा बाजूला सारला गेला. चांगल्या यंत्रणेत प्रचलित मताविरुद्ध बाजू मांडायला स्वतंत्र गट असतो. इस्रायलमध्ये 1973च्या अचानक झालेल्या युद्धाच्या धक्क्यानंतर तो नेमलेलाही होता. ऐकणारं कुणी नसेल तर त्याचा उपयोग नाही.

'आम्ही इतके कट उधळले' हा आकडा ऐकला की आधी विचारावं: मोजलं कुणी? फोन आणि इंटरनेटवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एनएसएने आपल्या पाळत कार्यक्रमांच्या समर्थनार्थ 54 प्रकरणं पुढे केली होती. सरसकट फोन नोंदी जमवण्याचा कार्यक्रम स्वतंत्र मंडळाने जानेवारी 2014मध्ये तपासला, तेव्हा अमेरिकेला असलेल्या धोक्याच्या एकाही तपासाचा निकाल त्याने प्रत्यक्षात बदलल्याचं आढळलं नाही. यंत्रणा खोटंच बोलतात असं नाही, 2006चा द्रवस्फोटकांचा विमानकट खरोखर मोडला गेला. पण आकडा मान्य करायचा तर अटक, आरोपपत्र आणि न्यायालयात टिकलेला पुरावा एवढं तरी मागायलाच हवं.

या गुणपत्रिकेतला शेवटचा रकाना उत्तरदायित्वाचा. नॉर्वेने 2011च्या हल्ल्यानंतर आयोग नेमला, आणि त्याने वर्षभरात स्पष्ट लिहिलं की आधीच ठरलेले सुरक्षा उपाय अमलात आणले असते तर ऑस्लोच्या शासकीय इमारतींजवळचा स्फोट रोखता आला असता. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023मध्ये माजी राष्ट्रपतींना स्वतःच्या खिशातून 10 कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली, गुप्तचर प्रमुखांना साडेसात कोटी. मुंबईत 26/11ला 166 जण गेले. समुद्रमार्गाने येण्याचे, मोठ्या हॉटेलांवरच्या हल्ल्याचे इशारे आधी आले होते. राज्याने नेमलेल्या प्रधान समितीने पोलिसांची बाजू तपासली, केंद्रीय यंत्रणा तिच्या कक्षेत नव्हत्या. त्यामुळे त्या इशाऱ्यांचं केंद्रात नेमकं काय झालं, कुणी कधी वाचले आणि कुणाला पाठवले, याला गुण देता येतील असा जाहीर अहवालच नाही. तो रकाना कोरा आहे.