जीमॅटची गाइडं: विकत घेण्याआधी काय तपासावं

जीमॅट म्हणजे एमबीएसारख्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिचं गाइड निवडताना आधी बघायचं ते म्हणजे, ते कोणत्या परीक्षेसाठी लिहिलंय. ७ नोव्हेंबर २०२३ ला परीक्षेची नवी आवृत्ती आली. सुरुवातीला तिला ‘फोकस एडिशन’ म्हणायचे, आता नुसतंच जीमॅट म्हणतात. ३१ जानेवारी २०२४ नंतर जुनी परीक्षा बंद झाली, तिची पुस्तकं मात्र बंद झाली नाहीत. ती अजूनही विकली जातात, हातोहात फिरतात आणि जाडजूड असल्यामुळे भरवशाची वाटतात.

आताच्या परीक्षेत तीन विभाग आहेत आणि प्रत्येकाला ४५ मिनिटं मिळतात. क्वांटचे (गणिताचे) २१ प्रश्न, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्काचे) २३, डेटा इनसाइट्सचे (कोष्टकं, आलेख यांतल्या माहितीचे) २०. एकूण गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात आणि आकडा नेहमी ५ वर संपतो. त्यामुळे गाइड जर २०० ते ८०० ची पट्टी समजावत असेल, तर ते जुन्या परीक्षेचं आहे. अनुक्रमणिकेत ‘सेंटेन्स करेक्शन’ (वाक्यातली चूक सुधारणं), निबंधलेखन किंवा त्रिकोण-वर्तुळांची प्रकरणं दिसली, तरी अर्थ तोच. हे तिन्ही भाग काढून टाकले आहेत.

जुनं पुस्तक फुकट मिळत असेल तर रद्दीत घालायची गरज नाही. क्रिटिकल रीझनिंग (युक्तिवाद तपासणं) आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (उतारा वाचून उत्तरं देणं) यांची प्रकरणं जशीच्या तशी चालतात. अंकगणित आणि बीजगणितही चालतं. वापरू नये ते ‘वेळेचं नियोजन’ हे प्रकरण. जुन्या व्हर्बलमध्ये ६५ मिनिटांत ३६ प्रश्न असत आणि सेंटेन्स करेक्शनचे प्रश्न झटपट उरकून वाचलेला वेळ उताऱ्यांना देता येई. आता प्रश्नामागे दोन मिनिटांहून किंचित कमी वेळ आहे. ऐकायला तो पूर्वीपेक्षा जास्त वाटतो, पण झटपट उरकण्यासारखं काही उरलेलं नाही. शिवाय जुन्या परीक्षेत मागे वळता येत नसे. आता विभागाच्या शेवटी वेळ उरला तर प्रश्न पुन्हा उघडता येतात आणि जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. ‘एकदा उत्तर दिलं की विसरा’ हा जुन्या गाइडांतला सल्ला त्यामुळे अर्धाच लागू पडतो.

आता नव्या पुस्तकांकडे येऊ. परीक्षा घेणाऱ्या जीमॅकचं ‘ऑफिशियल गाइड’ घ्यावंच लागतं, आणि त्याचं एकमेव कारण त्यातले प्रश्न आहेत. ते खऱ्या परीक्षेतून निवृत्त झालेले प्रश्न आहेत. व्हर्बलमध्ये हा फरक फार जाणवतो. खासगी प्रकाशकांना गणिताचा प्रश्न बऱ्यापैकी जमतो, पण क्रिटिकल रीझनिंगमध्ये चकवणारा पर्याय नेमका किती चकवा देणारा असावा, याचा तोल बहुतेकांना साधत नाही. त्यांचे अवघड प्रश्न अवघड असण्यापेक्षा संदिग्ध असतात. त्यावर सराव केला की चांगली विचारपद्धतीसुद्धा बिघडते, कारण बरोबर विचार करूनही उत्तर चुकतं.

ऑफिशियल गाइडची दुबळी बाजू म्हणजे स्पष्टीकरणं. ती बरोबर असतात, पण लांबच्या वाटेने जातात. समीकरण मांडून अर्ध्या पानात सोडवलेला प्रश्न पर्यायातल्या संख्या घालून अर्ध्या मिनिटात सुटतो, हे तिथे क्वचितच सांगितलेलं असतं. शिकवण्यासाठी वेगळं पुस्तक लागतं ते इथेच. दरवर्षीच्या आवृत्तीत बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून लागोपाठच्या दोन आवृत्त्या घेणं म्हणजे एकच पुस्तक दोनदा घेणं. वापरलेली प्रत घेणार असाल तर ऑनलाइन प्रश्नसंचाचा कोड आधीच वापरलेला असणार, हे गृहीत धरा.

शिकवणारं पुस्तक पारखायला दहा मिनिटं पुरतात. डेटा सफिशियन्सीचा, म्हणजे दिलेली विधानं उत्तर काढायला पुरेशी आहेत का हे ठरवायचा, एखादा प्रश्न काढा. उदाहरणार्थ, क्ष शून्यापेक्षा मोठा आहे का? विधान १: क्षचा वर्ग = ४क्ष. विधान २: क्ष शून्य नाही. घाईत दोन्ही बाजूंना क्षने भागलं की क्ष = ४ मिळतं आणि पहिलं विधान एकटं पुरेसं वाटतं. पण क्ष शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून दोन्ही विधानं मिळूनच उत्तर येतं. सुमार गाइड इथे ‘क्ष = ० किंवा ४, म्हणून पहिलं अपुरं’ असं लिहून पुढे जातं. चांगलं गाइड तुम्ही ‘पहिलं पुरेसं’ का निवडलं असेल हे सांगतं, आणि चलाने भागण्याआधी ते शून्य असू शकतं का हे तपासायची सवय लावतं.

क्रिटिकल रीझनिंगची कसोटी आणखी सोपी आहे. समजा, प्रश्न असा: एका रस्त्यावर सायकल मार्ग झाल्यावर सायकलींचे अपघात वाढले, म्हणून हा मार्ग धोकादायक आहे, हा युक्तिवाद कशाने कमकुवत होईल? बरोबर उत्तर म्हणजे मार्ग झाल्यावर सायकलस्वारांची संख्या अपघातांपेक्षा कितीतरी पटींनी वाढली. चकवा देणारा पर्याय म्हणजे तिथे आधीही अपघात होत असत. गाइडने या दुसऱ्या पर्यायाला ‘विषयाशी संबंध नाही’ असा शिक्का मारला असेल, तर पुस्तक मिटा. संबंध आहे, म्हणूनच तो भुरळ घालतो. पण मुद्दा वाढीचा आहे, आणि आधी अपघात होते एवढ्याने वाढ का झाली ते कळत नाही. चुकीच्या चारही पर्यायांची अशी कारणं देणारं पुस्तक पातळ असलं तरी घ्यावं.

डेटा इनसाइट्ससाठी कागदी गाइडवर फार भिस्त ठेवू नये. या विभागात कोष्टकातले स्तंभ क्रम बदलून बघायचे असतात, दोन-तीन टॅबमधली माहिती जुळवायची असते, आलेखाखालच्या रिकाम्या जागा यादीतून भरायच्या असतात. छापील कोष्टक हलत नाही. पुस्तकातून प्रश्नप्रकार कळतात, वेग येत नाही, त्यामुळे इथे ऑनलाइन प्रश्नसंचच हवा. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटरही फक्त याच विभागात मिळतो. तो माउसने दाबत बसण्यापेक्षा अंदाज बांधणं बहुधा जलद पडतं, आणि अंदाज कुठे पुरतो व कुठे नाही हे सांगणारी गाइडं मोजकीच आहेत. डेटा सफिशियन्सी आता याच विभागात आहे, आणि तिचे काही प्रश्न गणिताशिवायचे, नुसत्या तर्काचे असतात. जुन्या पुस्तकांत ते सापडणार नाहीत.

शब्दसंग्रहाची पुस्तकं आणि फ्लॅशकार्डं घेऊ नका. जीमॅट शब्दांचे अर्थ विचारत नाही.

पुस्तक हातात आल्यावर होणारी सर्रास चूक म्हणजे पहिल्या प्रश्नापासून ओळीने सोडवत जाणं. ऑफिशियल गाइडमध्ये प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून प्रश्न किती अवघड आहे ते कळतं. परीक्षेत अशी खूण नसते. तिथे तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलतो. म्हणून सोपे, मध्यम, अवघड असे थोडेथोडे उचलून २१ चा मिश्र संच करा आणि ४५ मिनिटांचा गजर लावा. उत्तरं पुस्तकात लिहू नका, वहीत लिहा. उताऱ्यांखाली रेघा मारायची सवयही मोडा, कारण परीक्षेत उतारा स्क्रीनवर असतो.

मॉक, म्हणजे सराव परीक्षा, मात्र पुस्तकांच्या मागे छापलेल्या वापरू नयेत. उत्तरांनुसार बदलणारी परीक्षा कागदावर येऊच शकत नाही, त्यामुळे तिथला गुणतक्ता शोभेचा असतो. जीमॅकच्या दोन अधिकृत मॉक मोफत मिळतात. एक सुरुवातीची पातळी कळण्यासाठी आणि दुसरी पुस्तक बरंचसं संपल्यावर द्या. मध्ये खासगी मॉक चालतील, पण त्या वेळेच्या सरावासाठी, गुणांसाठी नव्हे. तीच मॉक पुन्हा दिली तर काही प्रश्न ओळखीचे निघतात आणि गुण फुगतात. आणखी अधिकृत मॉक विकत मिळतात. दोन मार्गदर्शक पुस्तकांमध्ये मन दोलायमान असेल, तर एकच पुस्तक घ्या आणि उरलेले पैसे या मॉककडे वळवा.