ऑफिससाठी कार्बन डायऑक्साइड मीटर: घ्यावा का?

कोविडनंतर ऑफिस पुन्हा उघडलं तेव्हा दारात थर्मल गन, टेबलाटेबलावर सॅनिटायझर, हजेरी निम्मी, अशी जय्यत तयारी होती. खोलीत हवा खेळते का, हे मात्र कोणी बघत नव्हतं. लक्षणं दिसायच्या आधीच माणूस संसर्ग पसरवू शकतो, त्याला थर्मल गन काय अडवणार? शेवटी मॅनेजमेंटच्या मागे लकडा लावून मीटिंग रूमसाठी हा मीटर मागवला.

तळहाताएवढा आहे, आकडा लांबूनही वाचता येतो. मोकळ्या हवेत साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दाखवतो. दार लावून सगळे बसले की आकडा चढू लागतो आणि साहेबांचं प्रेझेंटेशन आपोआप आटोपतं (हा फायदा खोक्यावर छापलेला नाही). मीटर विषाणू मोजत नाही, लोकांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचलाय तेवढं सांगतो. त्यामुळे हेपा प्युरिफायर लावला तर हवेतले बारीक कण गाळले जातात, पण कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो आणि आकडा उतरत नाही.

घेताना एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा) सेन्सरच आहे ना, ते बघा. स्वस्तातले काही मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, इतर वायूंवरून अंदाज बांधतात. सॅनिटायझर चोळलेला हात जवळ नेल्यावर आकडा एकदम उसळला, तर मीटर परत करा. शिवाय आपोआप कॅलिब्रेट होणारा, म्हणजे आपला आकडा स्वतःच जुळवून घेणारा मीटर कायम कोंदट खोलीत ठेवू नका. गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजेच बाहेरची हवा, असं तो धरून चालतो आणि हळूहळू कमी दाखवू लागतो. मधूनमधून त्याला गच्चीवर न्यायचं.

बेल्जियमने २०२१ मध्ये रेस्टॉरंट, जिम उघडताना असा मीटर सक्तीचा केला आणि ९०० पीपीएमची मर्यादा घातली. मला हे धोरण पटतं. निम्म्या हजेरीचा नियम हवेशीर हॉलला आणि खिडकी नसलेल्या खोलीला सारखाच लागू होतो, आणि लाट ओसरली की गुंडाळला जातो. हवेचा नियम पुढच्या लाटेतही चालतो, फ्लूच्या साथीतही.

पण आकडा चढल्यावर कोणी काय करायचं, हे ठरलेलं हवं. आमच्याकडे मीटर ओरडत होता आणि खिडक्यांची किल्ली ॲडमिनच्या ड्रॉवरमध्ये! आता मीटरखाली कागद चिकटवलाय: ८०० ला खिडक्या उघडा, १००० ला निम्मे लोक बाहेर. आजारपणात पगारी रजा नसेल तर माणूस खोकत का होईना, कामावर येणारच. तिथे मीटर तरी काय करणार?

पाचपैकी चार तारे. एक कापला तो अलार्मसाठी. इतका कर्कश आहे की लोक खिडकी उघडायचं सोडून मीटरच बंद करतात. आवाज कमी करता येतो का, ते घेण्याआधी विचारून घ्या.